बर्फातलं वासरू जगतं, मग कोठ्यातलं का दगावतं?

मोबाइलवर सध्या एका प्रकारचे व्हिडिओ खूप फिरतात. अमेरिकेतलं किंवा कॅनडातलं उघडं माळरान, जमिनीवर बर्फ, आणि त्यात एक काळी गाय एकटीच व्यायलेली. माणूस दूर गाडीत बसलेला. गाय वासराला चाटते, वासरू लटपटत उभं राहतं, सड शोधतं आणि पिऊ लागतं. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, कुही, मौद्याकडचे दुधाचा धंदा करणारे शेतकरी हे पाहतात आणि साहजिकच विचारतात : तिकडे बर्फात पडलेलं वासरू जगतं, मग आमच्या कोठ्यात, छपराखाली, डोळ्यांत तेल घालून जपलेलं वासरू आठ-पंधरा दिवसांत हगवणीनं का जातं?

प्रश्न रास्त आहे. तिकडेही वासरं मरतात, थंडीनं कान झडतात, हगवणीची साथ येते. त्याचे व्हिडिओ कोणी टाकत नाही, एवढंच. पण त्या चित्रात एक गोष्ट खरोखर बरोबर घडते आणि आपल्याकडे ती वारंवार चुकते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत वासराच्या पोटात आधी काय पोचतं, आईचा चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) की खालचं शेण, यावर त्याचं पुढचं बरंचसं ठरतं. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत आपल्याकडे म्हशींच्या व्यायण्याचा मोठा हंगाम असतो, गाई तर वर्षभर व्यातात. म्हणून हे नीट समजून घेऊ या.

तिकडचा कळप कशासाठी असतो?

त्या काळ्या गाई दुधासाठी पाळलेल्या नसतात. अँगस, हेरफर्ड अशा मांसासाठीच्या जातींच्या त्या गाई. त्यांचं दूध कोणी काढत नाही, ते सगळं वासराचं. वासरू सहा ते आठ महिन्यांचं झालं की आईपासून तोडून विकतात, आणि तेच पशुपालकाचं वर्षाचं उत्पन्न. महाराष्ट्रात हा व्यवसाय नाही : गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २०१५ मध्ये ती बैल व वळूंनाही लागू झाली.

फरक हिशेबात आहे. तिकडे वासरू मेलं की त्या गाईवरचा वर्षभराचा खर्च वाया. इकडे वासरू गेलं तरी गाय पान्हा सोडत असेल तोवर दूध डेअरीत जातंच. आपला शेतकरी वासराचा दुस्वास करतो असं मुळीच नाही. तान्हा पोळा साजरा करणारा हा मुलूख आहे. पण कोठ्याचा सगळा दिनक्रम दूध काढण्याच्या वेळेभोवती बांधलेला असतो, आणि वासराच्या वाट्याला उरलेला वेळ, उरलेली जागा आणि उरलेलं दूध येतं.

तिकडचे पशुपालक गाई साठ ते नव्वद दिवसांतच फळवून घेतात. त्यामुळे सगळ्या गाई दोन-तीन महिन्यांत व्यातात आणि तेवढे दिवस घरातलं प्रत्येक माणूस गुरांवर नजर ठेवून असतं. पहिलारू कालवडीला तर मुद्दाम असा वळू देतात, ज्याची वासरं जन्मताना लहान असतात. आपण इथे नेमकं उलटं करून बसतो : गवळाऊ या इकडच्या जातीच्या किंवा बारीक अंगाच्या गावठी कालवडीला जास्त दुधाच्या आशेनं होल्स्टिन या थोराड परदेशी जातीचं वीर्य भरवतो आणि मग वासरू अडकतं. पहिल्या वेताला गवळाऊ किंवा जर्सी भरवा. हा निर्णय व्यायच्या नऊ महिने आधीचा आहे, नंतर तो बदलता येत नाही.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे काय नसतं?

माणसाचं बाळ आईच्या पोटात असतानाच वारेतून प्रतिपिंडं घेऊन येतं. प्रतिपिंडं म्हणजे रोगजंतू ओळखून त्यांना निकामी करणारी रक्तातली प्रथिनं. गाई-म्हशींची वार वेगळ्या बांधणीची असते. तिच्यातून ही प्रथिनं पलीकडे जात नाहीत. म्हणून वासरू जवळजवळ कोऱ्या रक्तानं जन्मतं. त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवरची सगळी शिदोरी आईच्या कासेत असते, पहिल्या चिकात.

ही शिदोरी पोटातून रक्तात पोचायला वेळेची मर्यादा आहे. घरातल्या चाळण्या डोळ्यांपुढे आणा. जन्मताना वासराचं आतडं गव्हाच्या चाळणीसारखं असतं, प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी तिच्यातून रक्तात उतरतात. मग तासागणिक भोकं बारीक होत जातात. पहिले दोन तास सगळ्यात चांगले, सहा तासांनंतर उतरण झपाट्यानं कमी होते, आणि एक दिवस उलटला की हातात मैद्याची चाळण उरते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोषण देतो, आतड्यात थोडं रक्षणही करतो, पण रक्तात जात नाही.

आणि चाळण मोठी असते तेव्हा ती भल्या-बुऱ्याचा भेद करत नाही. त्याच वेळात वासरानं शेणानं माखलेला सड चोखला, ओली जमीन चाटली, तर रोगजंतूही त्याच वाटेनं आत जातात. बर्फातल्या त्या वासरानं तासाभरात स्वच्छ जागी आईचा चीक प्यायला होता. आपलं वासरू पुष्कळदा खुंट्याला बांधलेलं, वाट पाहत असतं.

पण जार पडल्याशिवाय चीक कसा पाजायचा?

वाट पाहत असतं ते जार, म्हणजे गाईची वार, पडण्याची. "वासराले आत्ता चीक पाजला तं जार अडकते," हे वाक्य जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ऐकू येईल, आणि ते सांगणारं माणूस बहुधा घरातलं सगळ्यात अनुभवी माणूस असतं. त्यामुळे ते नुसतं झटकून टाकून चालत नाही, त्याचं उत्तर द्यायला हवं.

वासरू सड चोखतं तेव्हा गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. पान्हा त्यानंच सुटतो. हेच संप्रेरक गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं, आणि गर्भाशय आवळलं की जार सुटायला मदत होते. म्हणजे चीक पाजल्यानं जार अडकत नाही, उलट लवकर पडायला हातभार लागतो. जार अडकण्याची कारणं वेगळी : अडलेली वीण, जुळी, दिवस भरण्याआधी व्याणं, गर्भपात करणारे रोग, व्यायच्या आधी दूध आटलेल्या काळात खुराकातली खनिजांची कमतरता.

मग एवढ्या अनुभवी माणसांना हे दिसलं कसं नाही? कारण चूक आणि तिचं फळ यांच्यात आठ-दहा दिवसांचं अंतर असतं. जार बहुतेक गाईंची काही तासांत आपोआप पडते, मग चीक पाजतात, वासरू उड्या मारतं. दहाव्या दिवशी हगवण लागून ते जातं तेव्हा कोणी पहिल्या दिवसाचे गेलेले सहा तास आठवत नाही. नजर लागली, हवा बदलली, दूध बाधलं असं वाटतं.

जार पडायला आठ ते बारा तास लागणं नेहमीचं. बारा तास उलटूनही लोंबत असेल तर डॉक्टरांना कळवा, पण ओढू नका. तिला वीट किंवा जुनी चप्पल बांधण्याची रीत अजून दिसते, ती थांबायलाच हवी. आतून तुकडा तुटला की तो तिथेच सडतो आणि गाय पुढे उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही. गाईला ताप आला, तिनं खाणं सोडलं, घाण वास येऊ लागला तर उपचार त्याच दिवशी हवेत.

जारेला, अडलेल्या वासराला, मेलेल्या गर्भाला उघडा हात लावू नका. ब्रुसेला हा गाभ पाडणारा रोग त्यातून माणसाला होतो : अधूनमधून येणारा ताप, सांधेदुखी, महिनोनमहिने न सुटणारा थकवा. हातमोजे घाला. पडलेली जार चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

किती पाजायचा, आणि खरवसाचं काय?

वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, असा साधा हिशेब धरा. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला आठ-दहा तासांच्या आत. वासरू दोन तासांत उभं राहून प्यायलं नाही तर चीक स्वच्छ भांड्यात काढून निपलच्या बाटलीनं द्या. डोकं वर धरून नळ्यानं ओतू नका. चीक फुप्फुसात जातो आणि वाचवायला गेलेलं वासरू आपल्याच हातून जातं. पाजण्याआधी कास कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा आणि पहिल्या एक-दोन धारा बाहेर सोडा.

चिकानं वासराला पातळ होतं, म्हणून कमी पाजावा, असंही ऐकू येतं. जन्माआधीची काळी-चिकट शी पोटात साठलेली असते. चिकाच्या सौम्य सारक गुणानं ती बाहेर पडते, आणि ती पडायलाच हवी.

खरवस घरात हवा, शेजारीपाजारी वाटायलाही हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. चांगली गाय वासराला पुरून उरेल एवढा चीक देते. फक्त पहिली धार वासराची. दुसऱ्या वेळेपासून तो बराच पातळ होत जातो, खरवस त्याचा करा. खरवस वाफेवर थिजतो तो चिकातल्या प्रथिनांमुळेच, आणि त्यांत ही प्रतिपिंडंही आली. थिजली की ती वासराच्या कामाची राहत नाहीत. म्हणूनच वासराला चीक उकळून देऊ नये.

एखादी गाय व्यायल्यावर दगावते, एखादीला कासदाह असतो, पहिलारूला चीकच कमी येतो. यासाठी निरोगी गाईचा उरलेला पहिला चीक लिटरच्या बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, तो कित्येक महिने टिकतो. लागेल तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरून वितळवायची, गॅसवर ठेवायची नाही. चार-सहा जनावरं असलेल्या गल्लीत अशा दोन बाटल्या कुणाकडे तरी असणं फार मोलाचं आहे.

स्वच्छ जागा म्हणजे पक्की फरशी का?

नाही. ओली फरशी कोरड्या मातीपेक्षा वाईट. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाचा गवताळ प्रदेश आहे. तिथल्या कळपांत हंगामाच्या शेवटी जन्मलेली वासरं हगवणीनं जास्त मरत, सुरुवातीची कमी. कारण शोधल्यावर दिसलं की थोडी मोठी वासरं स्वतः तगून राहतात, पण शेणातून रोगजंतू पसरवत असतात, आणि नव्यानं जन्मलेलं वासरू त्यांच्याच जागेत पडतं. मग त्यांनी व्यायलेल्या गाई वासरांसह मागे ठेवून अजून न व्यायलेल्या गाई ताज्या कुरणात न्यायला सुरुवात केली. वयात आठवड्यापेक्षा जास्त अंतर असलेली वासरं पहिले काही आठवडे एकत्र येऊच द्यायची नाहीत, हा नियम. हगवण एकदम कमी झाली.

आपल्याकडे कुरणं नाहीत, पण नियम कोठ्यालाही लागू पडतो. महिन्याभराच्या वगारीशेजारी आजचं रेडकू बांधू नका. व्यायच्या गाईसाठी कोठ्याचा एक कोपरा आठ दिवस आधी रिकामा करा, जुना गाळ खरवडून चुना भुरभुरा, वर जाड कोरडं तणस अंथरा. मौदा-रामटेकच्या धानपट्ट्यात तणस मुबलक आहे. काटोल-कळमेश्वरकडे गव्हाचं कुटार चालतं. गुडघे टेकवून बघा : पँट ओली झाली तर वासराचं पोटही ओलं होतंय.

नाळेकडेही याच नजरेनं पाहा. ती बाहेरून आत जाणारी उघडी वाट आहे. दोन बोटं अंतर सोडून स्वच्छ दोऱ्यानं बांधा, खाली नव्या ब्लेडनं कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा. शेण, राख, माती लावू नका. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, आणि नाळेतून गेलेला संसर्ग सांध्यांत जाऊन बसला की वासरू उभं राहत नाही.

नागपूरचं हवामान दोन्ही टोकांना कडक. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. ओल्या वासराला गोणपाटानं खसखसून पुसा आणि आईला चाटू द्या, त्यानं रक्ताभिसरण सुरू होतं. गाय चाटत नसेल तर वासराच्या अंगावर थोडं मीठ किंवा कोंडा टाका. आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या टिनाखाली शेवटचे दोन महिने काढलेल्या गाईचं वासरू मुळातच कमी वजनाचं जन्मतं, त्याला चिकातली प्रतिपिंडंही कमी लागू पडतात. म्हणून एप्रिल-मेमधली गाभण गाय आटली, दूध देत नाही, म्हणून तिला सावली-पाण्यात शेवटचा नंबर देऊ नका.

कधी थांबायचं, कधी फोन करायचा?

गाईचे दिवस साधारण २८० ते २८५, म्हशीचे सुमारे ३१०. फळवल्याची तारीख कोठ्याच्या भिंतीवर लिहिलेली असली की निम्मी धावपळ वाचते. व्यायच्या आधी गाय बेचैन होते, उठबस करते, शेपूट वर धरते. हे काही तास चालतं आणि त्यात आपलं काम फक्त लांबून पाहण्याचं. पाणमोट फुटल्यावर मात्र घड्याळ लावा. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर सगळं ठीक आहे. एकच पाय, नुसती शेपूट, पाय आहेत पण डोकं नाही, किंवा दोन तास जोर लावूनही काही पुढे सरकत नाही, यांपैकी काहीही दिसलं की डॉक्टर हवेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशुविज्ञान विद्यापीठही इथेच आहे. अवघड वीण तिथपर्यंत नेता येते. चार माणसांनी दोर लावून ओढणं हा उपाय नव्हे. गाय जोर करते तेव्हाच, खालच्या दिशेनं, हळू, एवढीच मदत.

रात्रीच्या जागरणावर कॅनडात एक उपाय सापडला. मॅनिटोबा प्रांतातले पशुपालक गस कोनेफाल यांनी १९७० च्या दशकात गाभण गाईंना मुख्य चारा रात्री उशिरा द्यायला सुरुवात केली, आणि बहुतेक गाई दिवसाउजेडी व्याऊ लागल्या. पुढे मांसाच्या कळपांवर झालेल्या चाचण्यांतही कल असाच दिसला. तुमच्या दोन गाई तसंच वागतील याची हमी नाही, पण शेवटच्या तीन आठवड्यांत कडबा-कुटाराचा मोठा भारा सकाळऐवजी अंधार पडताना टाकायला एक पैसाही लागत नाही.

व्यायल्यावर गाय बसली, तर?

जास्त दुधाची, तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत अचानक बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. हा दुग्धज्वर, यात ताप नसतो, रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात गेलेलं असतं. डॉक्टरांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की तासाभरात गाय उठते. हे इंजेक्शन घाईनं दिलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ते घरी करायचं काम नाही.

इथे अनेकांना न पटणारी एक गोष्ट आहे : व्यायच्या आधी रोज कॅल्शियमची बाटली पाजल्यानं हा आजार टळत नाही, वाढतो. आटलेल्या काळात आयतं कॅल्शियम भरपूर मिळालं तर हाडांतला साठा बाहेर काढायची शरीराची सवय मोडते. ऐन गरजेच्या दिवशी ती परत यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि गाय तेवढ्यात बसते. शेवटचे तीन आठवडे कॅल्शियम आणि लसूणघास (कॅल्शियम जास्त असलेला हिरवा चारा) आवरता घ्या. व्यायल्यानंतर मात्र द्या.

आणि गोऱ्हा झाला तर?

हा प्रश्न मोठ्यानं कोणी विचारत नाही, पण कोठ्यात तोच सगळ्यात जड असतो. ट्रॅक्टर आले, बैलाला काम राहिलं नाही, कत्तलीसाठी विकायची वाट कायद्यानं बंद. संकरित गोऱ्ह्याला मग दोन धारा कमी सोडतात, आणि हळूहळू तो जातो. शेतकऱ्याला दोष देऊन हे सुटणार नाही. एका मुक्या जिवाचा खर्च तो एकटाच सोसतोय. पण पहिल्या दिवसाचा चीक गोऱ्ह्यालाही पूर्ण पाजण्यात त्याचा काही तोटा नाही, कारण पहिला चीक डेअरी घेतच नाही. आजारी गोऱ्हा त्याच कोठ्यात हगवण पसरवतो आणि शेजारची कालवडही त्यात जाते. गोऱ्हे कमी जन्मावेत म्हणून लिंग वर्गीकृत वीर्यमात्रा मिळते, तिच्यानं गाभण राहिलेल्या गाईंत शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. गाभण राहण्याचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून ती धडधाकट, वेळेवर माजावर येणाऱ्या जनावरालाच भरवा.

कालवड झाली तर पुढच्या दोन तारखा आजच भिंतीवर लिहा. दहाव्या ते चौदाव्या दिवशी जंताचं पहिलं औषध, वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. रेडकांना तर आईच्या दुधातूनच जंत येतात, त्यांना ते चुकवून चालत नाही. आणि चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस. ती फक्त मादी वासरांना, आयुष्यात एकदाच देतात. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यातर्फे फुकट मिळते.